लेकीच्या ताटातले तीळ

माझ्या मुलीच्या कोपरावरची पहिली गाठ मला दिसली तेव्हा ती आठ वर्षांची होती. शाळेच्या गॅदरिंगला कोळीनृत्य होतं. तिला तयार करताना ब्लाउजची बाही वर सरकवली आणि बोटांना काहीतरी कडक लागलं. मसुरीच्या दाण्याएवढी, पिवळसर गाठ. दाबली तरी दुखत नव्हती. मला वाटलं, चामखीळ असेल.

"हे कधीपासून आहे गं?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "टाचेवर पण आहेत दोन."

आम्ही जोगेश्वरीला राहतो. मी तेव्हा पार्ल्याच्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवत होते, नवरा विमा कंपनीत होता. घरात चौथं माणूस म्हणजे माझी सासू, आणि सासू म्हणजे माझी सख्खी आत्या. भावाची मुलगी सून करून आणायची आमच्या मालवणकडे पद्धतच आहे. आतेभावाशी माझं लग्न झालं त्यात कुणाला काही वेगळं वाटलं नाही, मलाही नाही. लग्नानंतरही मी तिला आत्याच म्हणत राहिले.

त्वचेच्या डॉक्टरांनी टाचेवरची एक गाठ काढून तपासायला पाठवली. चामखीळ नव्हती. कोलेस्टेरॉल साचून झालेली गाठ होती. मग रक्त तपासलं, तर आकडा साडेचारशेच्या वर. प्रयोगशाळेतल्या माणसाने फोन करून पुन्हा रक्त द्यायला बोलावलं, कारण आठ वर्षांच्या मुलीचा हा आकडा असेल यावर त्याचा विश्वास बसेना. दुसऱ्या वेळीही तेच आलं.

हृदयाच्या डॉक्टरांनी आमचंही रक्त तपासायला सांगितलं. "हे आनुवंशिक असतं. आईबापांपैकी एकाकडे तरी सापडतंच." आमचे रिपोर्ट आले. माझं कोलेस्टेरॉल नॉर्मल, नवऱ्याचंही नॉर्मल. डॉक्टर दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून जरा वेळ बघत बसले.

"दोघांचंही नॉर्मल? बरं आहे. चांगलंच आहे की," ते म्हणाले, आणि त्यांनी मुलीसाठी आहाराचा कागद लिहायला घेतला.

त्या क्षणाकडे मी पुढे कितीतरी वेळा परत गेले. त्यांना काहीतरी खटकलं होतं, ते मला दिसलं होतं, आणि मी विचारलं नाही. त्यांना दोष देत नाही. जो आजार डॉक्टरला आख्ख्या आयुष्यात एकदाही भेटत नाही, तो त्यांनी पहिल्या भेटीत ओळखायला हवा होता असं कसं म्हणू?

कागदावर लिहिलं होतं: तूप, लोणी, अंडी, मटण, मासळी बंद. स्वयंपाक फक्त वनस्पतीच्या तेलात. शेंगदाणे, तीळ, जवस, बदाम, अक्रोड भरपूर. मी तो कागद फ्रीजवर लावला आणि त्या दिवसापासून तो अक्षरशः पाळला. मी शिकवणारी बाई. कोलेस्टेरॉल प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नात असतं, वनस्पतींत नसतं, हे मी दरवर्षी वर्गात सांगत होते. पुढे कुठे कुठे वाचून मला हेही कळलं की वनस्पतींमध्ये कोलेस्टेरॉलसारखाच दिसणारा एक घटक असतो. स्टेरॉल म्हणतात त्याला. तेलात, दाण्यांत, बियांत तो जास्त असतो. जेवणातून तो आतड्यात गेला की कोलेस्टेरॉलची जागा अडवून बसतो, त्यामुळे कोलेस्टेरॉल रक्तात कमी शिरतं. हे वाचून मला किती हायसं वाटलं होतं. औषधाहून चांगलं औषध माझ्या डब्यांत भरून ठेवलेलं होतं.

सकाळी उठल्यावर भिजवलेले बदाम. डब्यात पोळीबरोबर शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी. मधल्या सुट्टीसाठी तिळाची वडी. भाजीवर तीळ, कोशिंबिरीत दाण्याचं कूट. तीळ मी मंद आचेवर स्वतः भाजायचे. तिला आवडायचं, ते आणखी एक समाधान.

आत्याला हे मान्य नव्हतं. आयुष्यभर मासळी केलेली बाई. नातीच्या ताटात बांगडा वाढायला तिला बंदी झाली.

"पोरीक मासो नाय, तुपाचो थेंब नाय," ती म्हणायची. "पाखरांका घालतत तसा खाणा घालतस तिका."

"आत्या, डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरांका काय? जेवूक तुझ्याकडे बसतली ती."

मग घरात मासळीच बंद झाली. मुलीसमोर आपण कसं खायचं, म्हणून आम्हीही सोडली. आत्या माझ्या नणंदेकडे गेली की तिथे खाऊन यायची. मुलगी अकरावीत असताना ती वारली. शेवटपर्यंत माझ्यावर तिचा राग होता, आणि मी तिला अडाणी समजत होते.

आकडा काही खाली येत नव्हता. एखाद्या वर्षी थोडा उतरायचा, पुढच्या वर्षी आणखी वर. दहाव्या वर्षापासून गोळ्या सुरू झाल्या, त्यांचाही उपयोग होईना. डॉक्टर मला विचारायचे, "पथ्य नीट पाळताय ना?" हा प्रश्न मला लागायचा. वर्गात कॉपी करताना पकडल्यासारखं वाटायचं. मी घरी येऊन आणखी काटेकोर व्हायचे. आणखी जवस, आणखी अक्रोड.

ती आठवीत होती तेव्हाची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. रिपोर्ट आला होता, तोपर्यंतचा सगळ्यात वाईट. त्याच आठवड्यात मला शेजारणीकडून कळलं की मुलगी तिच्या मुलीबरोबर अभ्यासाला जाते आणि तिथे कधीकधी जेवते. त्या घरी मासळी रोज असायची.

मी तिला स्वयंपाकघरात उभं केलं.

"काय खाल्लंस तिथे?"

"एकदाच खाल्ला बोंबील. एकच."

"खोटं बोलू नको. हा आकडा एका बोंबलाने येतो का?"

"आई, शप्पथ. एकदाच खाल्ला. बाकी सगळं तू देतेस तेच खाते मी."

मी तिच्या थोबाडीत मारली. त्याआधी कधी मारलं नव्हतं. ती रडली नाही, गालावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मग मी तिला समोर बसवून जेवायला वाढलं, वर दाण्याची चटणी जास्तीची घातली, आणि ताट रिकामं होईपर्यंत समोरून उठले नाही.

ती खरं बोलत होती. बाकी सगळं ती मी देत होते तेच खात होती.

कॉलेजात गेल्यावर तिचे गुडघे आणि टाचा दुखायला लागल्या. कुठे जरा आपटलं की मोठा निळा डाग उठायचा. पाळीत फार रक्त जायचं. हिमोग्लोबिन कमी, लोहाच्या गोळ्या. रक्ताच्या रिपोर्टात दर वेळी खाली एक ओळ छापून यायची की प्लेटलेट्स कमी आहेत आणि आकाराने मोठ्या आहेत. आम्ही ती ओळ डॉक्टरांना दाखवायचो. एक डॉक्टर हृदयाचे, दुसरे हाडांचे, तिसऱ्या बायकांच्या आजारांच्या. प्रत्येकाने आपापला भाग बघितला. सगळे कागद एका फायलीत मीच लावत होते, तारखेप्रमाणे. फाईल जाड होत गेली.

शिकून ती अंधेरीला एका कंपनीत नोकरीला लागली. हुशार होती, बोलायला धारदार. तिथेच एक मुलगा आवडला तिला. तो आमच्याकडे आला तेव्हा ती म्हणाली, "आमच्याकडे जेवायला बसायचं असेल तर दात मजबूत पाहिजेत हां. सगळ्यात बिया असतात." आम्ही हसलो होतो. मीसुद्धा.

त्याच सुमारास माझा दीर परदेशातून यायचा तेव्हा पावाला लावायचं एक लोणीसारखं काहीतरी आणू लागला. त्यात वनस्पतींमधलं स्टेरॉल मुद्दाम जास्तीचं घातलेलं असायचं. डब्यावर हृदयाचं चित्र होतं. ते फ्रीजमध्ये जपून, फक्त तिच्यासाठी ठेवायचे. दोन वर्षं रोज सकाळी मी स्वतः दोन स्लाइसवर ते लावून तिच्या हातात दिलं. जाडसर लावायचे.

ती सव्वीस वर्षांची असताना अंधेरी स्टेशनच्या जिन्यावर चढता चढता खाली बसली. छातीत दुखत नव्हतं म्हणाली, हात जड झाला आणि श्वास पुरेना. एका अनोळखी बाईने मुलीच्याच फोनवरून मला फोन लावला. मी तेव्हा शाळेत होते. मी पोचले तेव्हा ती बाकड्यावर बसली होती, ओठ पांढरे, आणि मला बघून म्हणाली, "वाट लागली गं आई. आज प्रेझेंटेशन होतं माझं."

तिन्ही धमन्या बंद होत आल्या होत्या. एक झटका आधी कधीतरी येऊन गेला होता, कुणाला कळलाही नव्हता. बायपास करायचं ठरलं, पण प्लेटलेट्स इतक्या कमी होत्या की सर्जननी आधी रक्ताच्या डॉक्टरांना बोलावलं. त्या माझ्या मुलीपेक्षा फार मोठ्या नसतील. त्यांनी माझी जाड फाईल मांडीवर घेतली आणि पहिल्या पानापासून वाचली. इतक्या वर्षांत असं कुणी केलं नव्हतं. मधेच त्यांनी मान वर केली.

"तुमचं दोघांचं कोलेस्टेरॉल नॉर्मल?"

"हो."

"तुम्ही दोघं नात्यातले का?"

मी आणि नवऱ्याने एकमेकांकडे बघितलं नाही. तोच म्हणाला, "आतेमामे भावंडं."

त्यांनी मान हलवली. "लहानपणापासून काय खाते ती? नीट सांगा, रोजचं."

मी सांगायला लागले. मला अजून आठवतं, मी ते अभिमानाने सांगत होते. बदाम, जवस, तीळ, तेल कुठलं, अक्रोड किती. त्या लिहून घेत होत्या आणि त्यांचा हात हळू होत होता.

ऑपरेशन झालं, ती वाचली. तिच्या रक्ताचा नमुना दुसऱ्या शहरात गेला. निकाल यायला महिनाभर लागला. त्या डॉक्टर बाईंनी आम्हाला दोघांनाच आधी आत बोलावलं आणि एका कागदावर आतड्याचं चित्र काढलं.

वनस्पतींमधलं ते स्टेरॉल आपण सगळेच रोज खातो, त्या म्हणाल्या. पण शरीर ते जवळजवळ आत घेतच नाही. थोडं शिरलं तर आतड्यातून आणि यकृतातून परत बाहेर टाकतं. त्यासाठी एक दार असतं. तुमच्या मुलीचं ते दार जन्मापासून उघडतच नाही. आत गेलेलं आतच राहतं, वर्षानुवर्षं साचतं. धमन्यांत, टाचेत, कोपरात, रक्ताच्या पेशींत. त्या दाराची एक बिघडलेली प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून, अशा दोन्ही आल्या तरच हे होतं. तुमच्याकडे एकेकच आहे, म्हणून तुम्हाला काही झालं नाही.

"पण रिपोर्टात कोलेस्टेरॉल वाढलेलं येत होतं," नवरा म्हणाला.

"तिचं कोलेस्टेरॉलही वाढतंच. शिवाय नेहमीच्या तपासणीला दोन्हींत फरक कळत नाही. स्टेरॉलही त्याच आकड्यात मोजलं जातं."

मी विचारलं, "म्हणजे शेंगदाणे, तीळ, ते सगळं…"

"तुम्ही जे केलंत ते दुसऱ्या कुठल्याही मुलीसाठी बरोबर होतं," त्या म्हणाल्या.

"आणि आधी खात होती ते? मासे, तूप?"

"तूपही भरपूर द्यायचं नसतं अशा आजारात. पण माशाने हे झालं नसतं. तिला सगळ्यात जास्त अपाय तेलाने आणि बियांनी केला."

घरी येऊन मी स्वयंपाकघरात गेले. फळीवरच्या बरण्या खाली काढल्या आणि एकेक कचऱ्याच्या पिशवीत उपडी केली. नवरा दारात उभा होता. मला वाटलं तो मदत करेल किंवा काहीतरी बोलेल. तो म्हणाला, "आपलं लग्न कुणी ठरवलं होतं, आठवतं तुला?" मी म्हटलं, "तुझ्या आईने आणि माझ्या बाबांनी." तो हं म्हणाला आणि बाहेर जाऊन बसला. आमच्यात भांडण झालं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. आता आम्ही भाजी काय आणायची, गॅस कधी संपेल, एवढंच बोलतो. त्याच्याकडे बघितलं की मला माझ्या बाबांचं कपाळ दिसतं, आत्याची हनुवटी दिसते. पूर्वी तेच मला आवडायचं.

मुलीला मी सांगितलं. डॉक्टर सांगणार होत्या, पण मी म्हटलं, मीच सांगेन. हॉस्पिटलमधून घरी येऊन तिला दोन महिने झाले होते, छातीवरची शिवण अजून ओढायची. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मी बोंबील खाल्ला असता तर चाललं असतं?"

"हो."

ती हसली. मग तिने तोंड भिंतीकडे केलं. थोड्या वेळाने म्हणाली, "आई, तुला माहीत नव्हतं. मला माहितीये ते. सारखं सारखं रडू नको ना आता."

तिने मला तेव्हाच माफ केलं. त्या माफीचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. ती ओरडली असती, ताट फेकलं असतं, तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं.

नवीन गोळी सुरू झाली. आतड्यातच स्टेरॉलला अडवणारी, साधी, रोज एक. दाणे, बिया, तेल, चॉकलेट, शिंपल्या बंद. पांढरा भात, डाळ, फळं, निवडक भाज्या, मासा चालतो. सहा महिन्यांत आकडा इतका खाली आला की मी रिपोर्टावरचं तिचं नाव पुन्हा वाचलं. कोपरावरच्या गाठी मऊ झाल्या, मग लहान. प्लेटलेट्स वाढल्या. औषध आणि पथ्य इतकं सोपं होतं. आठव्या वर्षी कळलं असतं तर तिला काहीसुद्धा झालं नसतं, असं डॉक्टर बाई म्हणाल्या, आणि म्हणाल्यावर त्यांना वाटलं असावं की म्हणायला नको होतं.

पण हृदयाचा जो भाग मेला तो मेलाच. उरलेल्याची ताकद हळूहळू कमी होते आहे. त्या मुलाशी ठरलेलं लग्न तिने स्वतःच मोडलं. तो थांबायला तयार होता. "त्याने माझ्या गोळ्या मोजत बसायचं का?" एवढंच ती मला म्हणाली.

दोन वर्षांपूर्वी ती बोरिवलीला ऑफिसातल्या एका मैत्रिणीबरोबर भाड्याच्या घरात राहायला गेली. काम घरूनच करते. ती तिथे का गेली, हे आमच्यात उघड बोललं गेलं नाही. इथे असताना मी तिला वाढलं की ती घास तोंडात घालण्याआधी क्षणभर थांबायची. तिच्याही लक्षात येत नसेल. मी मात्र तेवढ्यासाठीच समोर बसलेली असायचे. एकदा मी भाताचं पातेलं तसंच ठेवून बाहेर निघून गेले, आणि त्यानंतर महिन्याभरात तिने घर बघितलं.

मी मुदतीआधीच निवृत्त झाले. आहाराचा धडा घ्यायला वर्गात उभी राहिले, फळ्यावर शीर्षक लिहिलं, आणि पुढचं वाक्य लिहायला हात उठेना. मुलं वाट बघत बसली. मी त्यांना वाचन करायला सांगून तास संपवला. असं तीनदा झाल्यावर मी अर्ज दिला.

गेल्या महिन्यात तिच्याबरोबर तपासणीला गेले होते. हृदयाची सोनोग्राफी झाली, हृदय किती रक्त पुढे ढकलतं त्याचा आकडा आधीपेक्षा आणखी कमी होता. डॉक्टरांनी हृदय बदलण्याच्या यादीत नाव घालण्याबद्दल पहिल्यांदाच स्पष्ट विचारलं. ती म्हणाली, "विचार करून सांगते," जसं कुणी नवीन फोन घ्यायचा का विचारल्यावर सांगावं. बाहेर आलो. हॉस्पिटलपासून रिक्षा स्टँडपर्यंत चालायला पाच मिनिटंही लागत नाहीत. ती मधे दोनदा थांबली, दोन्ही वेळा फोन बघायचं निमित्त करून. मीही पर्समध्ये काहीतरी शोधत उभी राहिले.

रिक्षात बसल्यावर मी विचारलं, "घरी येतेस? भात आणि सुरमई करते. काही घालणार नाही वरून."

"नको गं आई, काम आहे," ती म्हणाली. "पुढच्या वेळी येते."

तिला बोरिवलीला सोडून मी एकटी जोगेश्वरीला परत आले. नवऱ्याने आकडा विचारला. मी सांगितला. त्याने तो कॅलेंडरवर त्या दिवसाच्या तारखेखाली लिहून ठेवला, आणि आम्ही दोघं जेवायला बसलो.